नेदरलँड्सचा कांदा जगभर कसा विकला जातो? आपल्या कांदा-द्राक्ष उत्पादकांनी यातून काय घ्यावे

युरोपला जाणारी आपली बरीचशी द्राक्षे रॉटरडॅम बंदरात उतरतात, हे निर्यातक्षम द्राक्ष पिकवणाऱ्यांना माहीत आहे. मात्र हे बंदर ज्या नेदरलँड्समध्ये आहे, तो देश स्वतः जगातील मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी एक आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पाण्याखालचा भाग वगळला तर नाशिक आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे मिळून होईल साधारण तेवढीच या देशाची जमीन. त्यातली सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीपेक्षा खाली. लोकसंख्या सुमारे १.८ कोटी. तरीही शेतमाल निर्यातीच्या किमतीत हा देश अनेक वर्षे अमेरिकेच्या खालोखाल राहिला. २०२३ मध्ये त्याची कृषी निर्यात १२० अब्ज युरोच्या पुढे होती.

हा आकडा ऐकून "त्यांची शेतीच वेगळी" असे म्हणून विषय सोडून देण्याची आपल्याला सवय आहे. शेती वेगळी आहेच. पण यातील सुमारे एक तृतीयांश निर्यात तिथे पिकलेलीच नाही. बाहेरून आलेला माल उतरवून, तपासून, पुन्हा बांधून इतर देशांना पाठवलेला तो व्यापार आहे. म्हणजे त्यांच्या यशात जमिनीइतकाच वाटा बंदर, गोदाम, कागदपत्रे आणि व्यापाराच्या नियमांचा आहे. हा भाग आपण समजून घेऊ. त्यातले काय आपल्याला लागू पडते आणि काय पडत नाही, तेही पाहू.

कांद्याचे गणित: पिकवायचा तो विकण्यासाठीच

नेदरलँड्समध्ये कांद्याची पेरणी मार्च-एप्रिलमध्ये थेट बियाण्याने होते आणि काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. लांब दिवसात पोसणारा पिवळा कांदा हे त्यांचे मुख्य पीक. चांगल्या वर्षी हेक्टरी ५० टनांच्या पुढे उत्पादन मिळते. आपल्या देशाची सरासरी हेक्टरी २० टनांच्या आत आहे.

उत्पादकतेपेक्षा महत्त्वाचा फरक पुढे आहे. तिथल्या कांद्यापैकी जवळपास ९० टक्के कांदा देशाबाहेर जातो. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल आणि आयव्हरी कोस्ट, तसेच ब्रिटन हे त्यांचे जुने गिऱ्हाईक. काही वर्षी ब्राझील आणि आग्नेय आशियातील देशही मोठी खरेदी करतात. घरात खपणारा कांदा थोडाच असल्याने पेरणीच्या वेळीच शेतकऱ्याच्या डोक्यात परदेशी गिऱ्हाईक असते.

माल विकण्याचे त्यांच्याकडे तीन-चार मार्ग आहेत. काही जण काढणीच्या वेळी शेतातूनच विकतात. काही जण पेरणीआधीच ठरावीक क्षेत्राचा करार करतात. काही जण आपला माल एकत्रित विक्रीसाठी देतात आणि हंगामाच्या शेवटी सरासरी भाव घेतात. बाकीचे स्वतःच्या गोदामात ठेवून बाजार पाहून विकतात. एकच शेतकरी आपला माल दोन-तीन मार्गांनी वाटून विकतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सगळा माल एकाच डावावर लावला जात नाही.

भावासाठी एमेलोर्ड या गावातील कांदा बाजाराचे दर आठवड्याला जाहीर होणारे भाव आधार मानले जातात. हे भाव आकारमानानुसार वेगवेगळे असतात. पॅकिंग केंद्रात माल पोहोचला की त्यातून नमुना काढला जातो. त्यात माती किती, सड किती, कोणत्या आकाराचे कांदे किती, हे मोजले जाते आणि पैसे त्या प्रमाणात मिळतात. ट्रॉलीभर कांद्यावर नजर टाकून एक भाव पुकारण्यापेक्षा हे वेगळे आहे. चांगल्या प्रतवारीचा फायदा थेट शेतकऱ्याच्या पावतीवर दिसतो.

साठवण: त्यांचे शीतगृह आणि आपली चाळ

काढणीनंतर तिथला कांदा जमिनीखाली हवेचे बोगदे असलेल्या गोदामात टाकतात. आधी २५ ते ३० अंश तापमानाची गरम हवा सोडून माना आणि वरची साल कोरडी करतात. मग तापमान हळूहळू खाली आणतात. जास्त काळ ठेवायचा कांदा शून्य अंशाच्या जवळपास थंड करतात. अशा रीतीने ऑगस्टचा कांदा पुढच्या वर्षी मे-जूनपर्यंत विकता येतो.

हे वाचून आपली कांदाचाळ मागासलेली आहे असा निष्कर्ष काढू नका. कांद्याला कोंब सर्वात लवकर फुटतात ते साधारण १० ते २० अंश तापमानात. त्याहून खूप थंड किंवा २५ ते ३० अंशांच्या उष्णतेत तो सुप्तावस्थेत राहतो. त्यांना थंडी फुकट मिळते, म्हणून ते थंडीचा मार्ग घेतात. आपल्याला उष्णता फुकट मिळते, म्हणून चाळ हा शास्त्राला धरूनच असलेला मार्ग आहे. शिवाय शीतगृहातून काढलेला कांदा आपल्या उन्हाळी हवेत आणला की त्याला घाम सुटतो आणि पुढे कोंब लवकर येतात.

आपली खरी अडचण पावसाळ्यातील दमट हवेची आहे. त्या काळात सड वाढते. चार-पाच महिन्यांच्या साठवणीत २५ ते ४० टक्के घट येते, हा अनेकांचा अनुभव आहे. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने सुचवलेली, तळातून आणि बाजूंनी हवा खेळणारी चाळ ही घट कमी करते. कोंब रोखण्यासाठी लासलगावला 'कृषक' हे विकिरण केंद्रही आहे.

घट म्हणजे नेमके काय, ते उदाहरणाने पाहू. समजा तुम्ही १०० क्विंटल कांदा १,५०० रुपये भाव असताना चाळीत भरला. त्यावेळची किंमत दीड लाख रुपये. २५ टक्के घट आली तर विकायला ७५ क्विंटल उरतो. फक्त मूळ दीड लाख परत मिळण्यासाठी तुम्हाला क्विंटलला २,००० रुपये भाव लागेल. मजुरी, चाळीचा खर्च आणि पैशावरचे व्याज त्याहून वेगळे. घट १५ टक्क्यांवर आणली तर हाच आकडा सुमारे १,७६५ रुपयांवर येतो. भाव तुमच्या हातात नाही, पण हा फरक बऱ्याच अंशी आहे.

बंदर: जवळ असणे आणि सोपे असणे

कांदा पिकणारा झीलंड प्रांत रॉटरडॅमपासून ट्रकने साधारण दीड तासावर आहे. लासलगावहून न्हावा शेवा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. अंतराचा फरक आहे, पण तो एवढा मोठा नाही. फरक पडतो तो पुढील चार गोष्टींनी.

१. परतीचे कंटेनर. रॉटरडॅमला जगभरातून फळे थंड कंटेनरमध्ये येतात. ते रिकामे परत पाठवणे जहाज कंपन्यांना परवडत नाही. त्यामुळे कांदा-बटाट्याच्या निर्यातदाराला कंटेनर सहज आणि रास्त भाड्यात मिळू शकतात. आपल्याकडे थंड कंटेनरने येणारी आयात तुलनेने कमी, त्यामुळे द्राक्षाच्या ऐन हंगामात रिकामे कंटेनर बाहेरून आणावे लागतात.

२. कागदपत्रे एकाच ठिकाणी. जहाज कंपनी, सीमाशुल्क, तपासणी यंत्रणा आणि वाहतूकदार 'पोर्टबेस' नावाच्या एकाच संगणक प्रणालीत माहिती भरतात. ट्रक बंदराच्या दारात पोहोचण्यापूर्वी त्याची कागदपत्रे पोहोचलेली असतात.

३. कराची सवलत. परवाना असलेल्या आयातदाराला व्हॅट बंदरातच रोख भरावा लागत नाही. तो नंतर विवरणपत्रात दाखवतो. भांडवल अडकत नाही, म्हणून इतर देशांचे व्यापारीही आपला माल याच बंदरातून आणतात. तुमची द्राक्षे जर्मनीत विकली जाणार असली तरी रॉटरडॅमला उतरण्याचे हेही एक कारण आहे.

४. पुढची वाट. राइन नदीतून जाणारे तराफे, २००७ पासून फक्त मालासाठी सुरू असलेली सुमारे १६० किलोमीटरची बेतूवे रेल्वे आणि महामार्ग, असे तिन्ही पर्याय जर्मनीच्या दिशेने खुले आहेत. एक अडला तर दुसरा आहे.

जागतिक बँकेच्या २०२३ च्या मालवाहतूक निर्देशांकात नेदरलँड्स तिसऱ्या क्रमांकाच्या गटात आहे, तर भारत ३८ व्या. आपल्याकडेही काम होत आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. रस्ता आणि बंदर या बाजूने अंतर कमी होत जाईल. पण केवळ रस्त्याने निर्यातदार देश घडत नाही.

भाडे वाढले की झळ कोणाला?

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास सुरुवात केली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रवास १० ते १५ दिवसांनी वाढला. द्राक्षाच्या बाबतीत याचा अर्थ फक्त भाडे नाही. देठ सुकणे, मणीगळ, साठवणीत टिकण्याचे उरलेले दिवस कमी होणे, हे सगळे त्यासोबत येते.

भाड्याचा हिशेब असा मांडता येईल. समजा डॉलर ८५ रुपये आहे आणि कंटेनरचे भाडे १,००० डॉलरने वाढले. एका ४० फुटी कंटेनरमध्ये कांदा सुमारे २८ टन बसतो, म्हणजे किलोमागे सुमारे ३ रुपयांचा बोजा. द्राक्षे पेट्यांमध्ये भरल्याने सुमारे १३ टनच बसतात, म्हणजे किलोमागे साडेसहा रुपयांपर्यंत. हा बोजा परदेशी ग्राहक सहसा पूर्ण उचलत नाही. निर्यातदार काही उचलतो आणि उरलेला बागेतील खरेदी भावात उतरतो. म्हणून द्राक्षाचा सौदा करताना भाव बागेवरचा ठरलेला आहे, की परदेशात विकल्यावर हिशेब होणार आहे, हे आधी विचारा. दुसऱ्या प्रकारात प्रवासाची सगळी जोखीम तुमच्याकडे येते.

खरा फरक: उद्या नियम बदलणार नाही याची खात्री

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. नेदरलँड्सचे सरकार मनात आणले तरी एका रात्रीत सेनेगलला जाणारा कांदा एकट्याने थांबवू शकत नाही. परदेशी व्यापाराचे धोरण युरोपीय संघाच्या पातळीवर ठरते आणि संघातील देशांना एकमेकांकडे जाणारा माल अडवण्यास मूळ करारातच मनाई आहे. त्यामुळे तिथला व्यापारी सहा महिन्यांनंतरच्या पुरवठ्याचा शब्द देऊ शकतो.

आपल्याकडे काय घडले ते तारखांनिशी पाहा:

- ऑगस्ट २०२३: कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क
- ऑक्टोबर २०२३: टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य
- डिसेंबर २०२३: ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातबंदी
- मार्च २०२४: पुढील आदेशापर्यंत बंदीला मुदतवाढ
- मे २०२४: बंदी उठली, ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क
- सप्टेंबर २०२४: किमान मूल्य रद्द, शुल्क २० टक्के
- एप्रिल २०२५: शुल्कही रद्द

सुमारे २० महिन्यांत सात निर्णय. त्याआधी २०१९ आणि २०२० मध्येही सप्टेंबरमध्ये अचानक बंदी आली होती. २०१९ मध्ये भारत भेटीवर आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, बंदीची आगाऊ सूचना मिळायला हवी होती, अशी अपेक्षा जाहीरपणे व्यक्त केली. आपला सर्वात मोठा गिऱ्हाईक असे म्हणतो, तेव्हा त्याने स्वतःचे उत्पादन वाढवणे आणि पाकिस्तान, चीन यांच्याकडे वळणे स्वाभाविक आहे. हातचे गेलेले गिऱ्हाईक शुल्क हटवल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

शुल्काचा भार कसा उतरतो तेही पाहा. समजा मलेशियाचा खरेदीदार बंदरावर किलोला सर्व मिळून २८ रुपये द्यायला तयार आहे. ४० टक्के शुल्क असेल तर त्यातले ८ रुपये शुल्कात जातात आणि मालाचे २० रुपये उरतात. या २० मधून प्रतवारी, गोणी, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा झाल्यावर जे राहील, तो बाजार समितीतील तुमचा भाव.

पण सरसकट तुलना करू नका

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. नेदरलँड्सला स्वतःच्या कांद्याचा दहावा हिस्साही खाऊन संपत नाही. आपल्याकडे १४० कोटी लोकांच्या रोजच्या जेवणातला तो पदार्थ आहे. शहरात कांदा महागला की सरकारवर दबाव येतो, आणि गरीब घराला त्याची झळ खरोखर बसते. त्यामुळे "निर्यात कायम खुली ठेवा" एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही.

निर्यातीवर जगणाऱ्यांच्याही वेगळ्या चिंता आहेत. सेनेगल दरवर्षी स्वतःचा कांदा निघाला की आयात बंद करतो, आणि तेवढे महिने डच कांद्याचा एक मोठा दरवाजा मिटतो. भरघोस पिकाच्या वर्षी तिथेही भाव कोसळतात. २०१८ च्या दुष्काळात तिथल्या उत्पादनाला मोठा फटका बसला. नायट्रोजन प्रदूषणाच्या नियमांवरून २०१९ पासून तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आहेत. त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही.

मात्र बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मध्ये बरीच जागा आहे. नियम बदलायचा तर किमान काही आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी. करार झालेला किंवा बंदरात पोहोचलेला माल नव्या नियमातून वगळावा. किमती कोणत्या पातळीवर गेल्या की कोणते पाऊल उचलले जाईल, हे आधी जाहीर असावे. नाफेड आणि एनसीसीएफमार्फत होणारी साठ्याची खरेदी आणि विक्री दोन्ही वेळापत्रकानुसार व्हावी. शेतकरी संघटना आणि उत्पादक कंपन्यांनी या चार मागण्यांवर भर दिला तर ग्राहकाचे हित न दुखावता उत्पादकाला आधार मिळू शकेल.

द्राक्षाने दिलेला धडा

आपण हे करू शकत नाही असे नाही. द्राक्षात ते केले आहे. १९९१ मध्ये 'महाग्रेप्स'च्या रूपाने सहकारी संस्था एकत्र आल्या. पुढे युरोपात कीडनाशकांच्या अवशेषांवरून तक्रारी आल्यावर अपेडाने 'ग्रेपनेट' उभे केले. त्यात बागेची नोंदणी, नमुना तपासणी आणि पेटीपर्यंतचा माग ठेवण्याची सोय झाली. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि मोठे नुकसान झाले. त्यानंतर तपासणीच्या यादीत हे रसायन आले, वापराबाबत सूचना कडक झाल्या आणि बाजार टिकला.

चूक झाल्यावर बाजार सोडून न देता नोंदी आणि तपासणी घट्ट केली, म्हणून विश्वास परत आला. कांद्यात अशी शेतापासून गोणीपर्यंतची साखळी अजून मोजक्याच ठिकाणी आहे.

तुम्ही काय करू शकता?

शेतकऱ्यांसाठी:

- साठवणीचा कांदा शेतातच तयार होतो. साठवणीसाठी भीमा शक्ती, भीमा किरण यांसारखे रब्बी वाण निवडा. नत्राचे हप्ते लागवडीनंतर ६० दिवसांच्या आत संपवा. काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाणी तोडा.
- सुकवण्यात घाई नको. निम्म्या माना पडल्यावर काढणी करा. पातीसह तीन ते पाच दिवस शेतात सुकवा. दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापा आणि मग १० ते १२ दिवस सावलीत ठेवा. जोड, डेंगळे आणि जाड मानेचे कांदे चाळीत भरू नका. ते आधी विका.
- कोंब रोखणारी रसायने परदेशात वापरतात म्हणून आपणही वापरावीत असे नाही. लेबलवर कांद्यासाठी शिफारस आणि काढणीपूर्व कालावधी दिलेला नसेल तर हात लावू नका.
- माल वाटून विका. साठ्याचे किमान तीन भाग करा. एक भाग काढणीनंतर, एक ठरावीक भावाला पोहोचल्यावर, एक उशिरा. सर्व चाळ एका तारखेवर ठेवणे म्हणजे भावासोबत धोरणावरही पैज लावणे आहे.
- गिऱ्हाइकाचे पीक पाहा. बांगलादेशात लवकरचा कांदा डिसेंबर-जानेवारीत आणि मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये निघते. त्या काळात तिकडची मागणी मंदावते.

कृषी सहायक आणि उत्पादक कंपन्यांच्या कार्यकर्त्यांसाठी:

- निर्यात धोरणाच्या अफवा भाव पाडतात. परकीय व्यापार महासंचालनालय आणि अर्थ मंत्रालयाची मूळ अधिसूचना, तारीख आणि लागू होण्याचा दिवस पाहूनच गटावर संदेश टाका.
- गटातील चाळींमध्ये दर पंधरवड्याला एकाच पद्धतीने घट मोजा आणि लिहून ठेवा. कोणत्या वाणाची आणि कोणत्या चाळीची घट कमी, हे दोन हंगामांत तुमच्याच गावाच्या आकड्यांवरून कळेल.
- व्यापाऱ्याशी बोलताना आकारानुसार भाव आणि नमुन्यावरून वजावट, असा लेखी करार मागून पाहा. एका शेतकऱ्याला तो मिळणार नाही. २८ टनांचा एकसारखा माल घेऊन गेलेल्या गटाला मिळू शकतो.
- फवारणी, वाण आणि काढणीची तारीख यांची नोंद प्रत्येक प्लॉटसाठी ठेवा. आज खरेदीदार मागत नसला तरी चांगला भाव देणारा उद्या मागेल.

पुढील काही वर्षांत रस्ते आणि बंदरे सुधारतील. निर्यात धोरण स्थिर राहील की नाही, हे मात्र आपण किती संघटितपणे मागणी करतो यावरही ठरेल. तोपर्यंत घट, प्रतवारी, नोंदी आणि वाटून विक्री या चार गोष्टी तुमच्या हातात आहेत. यंदाची चाळ भरण्यापूर्वी गटाची एक बैठक घ्या आणि गेल्या हंगामात प्रत्येकाच्या चाळीतून किती क्विंटल कमी झाले, हा एकच आकडा सर्वांनी समोर ठेवा.